व्हर्च्युअल मशीनमधील लिनक्स कर्नल : दोष कसा शोधावा, वेग कसा सुधारावा

व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणाऱ्या लिनक्सच्या लॉगमध्ये कधी तरी एक ओळ उमटते : सॉफ्ट लॉकअप, अमुक क्रमांकाचा सीपीयू २२ सेकंद अडकून पडला आहे. त्याखाली कॉलस्टॅक, म्हणजे त्या क्षणी एकमेकांना बोलावत चाललेल्या फंक्शनांची यादी, छापलेला असतो, त्यात एखाद्या फंक्शनचे नाव दिसते, आणि बहुतेक जण लगेच ते फंक्शन उघडून वाचायला बसतात. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवणे गरजेचे असते : त्या २२ सेकंदांत तो सीपीयू मुळात चालत तरी होता का?

प्रत्यक्ष हार्डवेअरवर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र गेस्टचा, म्हणजे आत चालणाऱ्या प्रणालीचा, प्रत्येक व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) हा होस्टच्या, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रत्यक्ष यंत्राच्या, लेखी एक साधा थ्रेड असतो. होस्टच्या शेड्युलरने तो काही काळ बाजूला ठेवला, तर गेस्ट कर्नलला त्या खंडाची जाणीव होत नाही. त्याला फक्त घड्याळ पुढे सरकलेले दिसते. सॉफ्ट लॉकअपची मूळ मर्यादा २० सेकंदांची आहे आणि तपासणारा टायमर दर ४ सेकंदांनी येतो, त्यामुळे इशाऱ्यातला आकडा बहुधा २० च्या थोडा पुढचा असतो. तो आकडा खरा असतो, पण तो दोष नेमका कोणाचा हे सांगत नाही. म्हणून गेस्ट कर्नलमधील प्रत्येक लक्षण आतून आणि बाहेरून, अशा दोन्ही बाजूंनी तपासून मगच कोडला हात लावावा, ही या मार्गदर्शिकेची मुख्य भूमिका आहे.

येथे गृहीत धरलेली रचना अशी : एक्स-८६ प्रोसेसर, होस्टवर लिनक्स आणि केव्हीएम (कर्नलमधील हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग), उपकरणांचे अनुकरण करण्यासाठी क्यूएमू, आणि गेस्टमध्ये स्वतः कम्पाइल केलेला लिनक्स कर्नल. केव्हीएम हा फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून लिनक्स कर्नलचाच भाग आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचा स्रोत एकाच ठिकाणी वाचता येतो. या कामातली ही मोठी सोय आहे आणि तिचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा.

कर्नल बांधणे आणि सुरू करणे

वितरणासोबत येणारा कर्नल कॉन्फिगरेशनसकट उचलून डीबगिंगला बसू नये. त्यात हजारो मॉड्यूल असतात आणि प्रत्येक कम्पाइलमागे वेळ वाया जातो. कर्नलच्या स्रोतात केव्हीएम गेस्टसाठी तयार केलेला कॉन्फिगरेशनचा एक छोटा तुकडा आहे. मूळ कॉन्फिगरेशनवर तो चढवला की व्हर्टिओ (व्हर्च्युअल मशीनसाठीच रचलेली) उपकरणे, सीरियल कन्सोल आणि पॅराव्हर्च्युअलायझेशनचे (गेस्टने होस्टशी जाणीवपूर्वक सहकार्य करण्याचे) पर्याय आपोआप चालू होतात. त्यात डीबग माहिती, जीडीबी या डीबगरच्या स्क्रिप्ट्स आणि फ्रेम पॉइंटर किंवा ओआरसी यांपैकी एक अनवाइंडर (कॉलस्टॅक उलगडून वाचणारी यंत्रणा) यांची भर घालावी. मेमरीत चुकीच्या जागी वाचन-लेखन होत असल्याचा संशय असेल तर कॅसॅन चालू करावे, लॉकच्या क्रमाचा संशय असेल तर लॉकडेप. ही दोन्ही साधने कर्नलला बऱ्यापैकी मंद करतात, आणि कॅसॅन तर पत्त्यांच्या जागेचा आठवा हिस्सा स्वतःच्या नोंदींसाठी राखून ठेवते. त्यामुळे वेगाची मोजमापे घेण्यासाठीचा कर्नल आणि दोष शोधण्यासाठीचा कर्नल हे दोन वेगवेगळे ठेवावेत.

बांधणीतून दोन फाइली महत्त्वाच्या निघतात. बीझेडइमेज ही संकुचित फाइल क्यूएमूला थेट देता येते, त्यासाठी गेस्टमध्ये बूटलोडर बसवावा लागत नाही. व्हीएमलिनक्स ही असंकुचित, सर्व चिन्हांसह (फंक्शनांची नावे आणि त्यांचे पत्ते) असलेली फाइल जीडीबी आणि मेमरी डंप वाचणारे क्रॅश या साधनांसाठी लागते. प्रत्येक प्रयोगाबरोबर या दोन्ही फाइली आणि त्या वेळचे कॉन्फिगरेशन एकत्र जपून ठेवावे. एखादा मेमरी डंप हाताशी असावा आणि त्याच्याशी जुळणारा व्हीएमलिनक्स पुन्हा केलेल्या बांधणीत पुसला गेलेला असावा, याइतकी त्रासदायक अवस्था दुसरी नाही, कारण तो डंप मग जवळजवळ निरुपयोगी होतो.

कर्नलच्या कमांडलाइनवर कन्सोल म्हणून पहिले सीरियल पोर्ट द्यावे आणि अर्लीप्रिंटकेही त्याच पोर्टवर वळवावे, म्हणजे नेहमीचा कन्सोल तयार होण्याआधीचे संदेश हातून निसटत नाहीत. पॅनिकची (कर्नल न सावरता येणाऱ्या चुकीवर थांबण्याची) किंमत उणे एक ठेवली तर पॅनिक होताच कर्नल तत्काळ रीबूट करू पाहतो. क्यूएमूला रीबूट न करण्याचा पर्याय दिलेला असेल, तर त्याच क्षणी क्यूएमूची प्रक्रिया संपते. ही जोडी लहानशी वाटते, पण पुढे गिट बायसेक्ट (दोष आणणारा बदल निम्मे-निम्मे वगळत शोधणे) स्वयंचलितपणे चालवताना तिच्याशिवाय भागत नाही. केवळ एखादा बदल पटकन चालवून पाहायचा असेल, तर व्हर्टमी-एनजी हे साधन वापरावे. ते नुकताच बांधलेला कर्नल होस्टच्याच फाइलसिस्टीमवर सुरू करून देते आणि वेगळी डिस्क इमेज बनवण्याचा खटाटोप वाचवते.

सुरुवातीच्याच टप्प्यातील दोष

क्यूएमूमध्ये जीडीबीसाठी जोडणी अंगभूत आहे. लहान अक्षरातला एस हा पर्याय दिला की १२३४ क्रमांकाच्या पोर्टवर जीडीबीची वाट पाहिली जाते, आणि मोठ्या अक्षरातला एस दिला की पहिली सूचना चालण्याआधीच सीपीयू थांबवून ठेवला जातो. कर्नलला नो-केएएसएलआर (पत्त्यांची यादृच्छिक मांडणी बंद) हा पर्याय अवश्य द्यावा, कारण कर्नलचा पत्ता प्रत्येक बूटला बदलत राहिला तर व्हीएमलिनक्समधील चिन्हे प्रत्यक्ष पत्त्यांशी जुळत नाहीत आणि ब्रेकपॉइंट (ठरावीक जागी कर्नल थांबवणाऱ्या खुणा) कधीच लागत नाहीत. नवख्यांना सर्वांत जास्त अडवणारी गोष्ट हीच आहे.

दुसरा अडथळा थोडा खोल आहे. स्टार्ट-कर्नल या फंक्शनवर साधा ब्रेकपॉइंट ठेवून गेस्ट सोडला, तर तो पुष्कळदा न थांबता सरळ पुढे निघून जातो. साधा ब्रेकपॉइंट म्हणजे मेमरीतल्या सूचनेच्या जागी लिहिलेली एक बाइटची सापळा-सूचना. बीझेडइमेज स्वतःला उलगडते तेव्हा कर्नलचा कोड त्या जागी नव्याने लिहिला जातो आणि आपण ठेवलेला सापळा पुसला जातो. शिवाय त्या क्षणी कर्नलच्या आभासी पत्त्यांची पेज टेबलेही (आभासी पत्ता खऱ्या पत्त्यात बदलणारे तक्ते) अजून उभी राहिलेली नसतात. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यात हार्डवेअर ब्रेकपॉइंट वापरावा. तो सीपीयूच्या डीबग रजिस्टरमध्ये पत्ता ठेवतो आणि मेमरीला स्पर्श करत नाही. एक्स-८६ वर अशा पत्त्यांची रजिस्टर चारच आहेत, त्यामुळे ती जपून खर्च करावीत. कर्नल एकदा पुढे गेला की साधे ब्रेकपॉइंट नीट चालतात, आणि जीडीबी स्क्रिप्ट्समुळे थांबलेल्या गेस्टची प्रक्रियांची यादी, डीमेसेज (कर्नलचा लॉग) आणि मॉड्यूलची चिन्हेही पाहता येतात. जीडीबीने गेस्ट बराच वेळ रोखून ठेवल्यावर वॉचडॉगचे, म्हणजे लॉकअप तपासणाऱ्या टायमरचे, खोटे इशारे येऊ शकतात, म्हणून अशा सत्रात नो-वॉचडॉग हा पर्याय द्यावा.

कन्सोलवर एकही अक्षर न उमटता मशीन पुन्हा पुन्हा रीबूट होत असेल, तर तो बहुधा ट्रिपल फॉल्ट असतो : एक अपवाद (सूचना चालवताना सीपीयूला आलेली अडचण) आला, तो हाताळताना दुसरा आला, आणि डबल फॉल्टही हाताळता न आल्याने सीपीयू रीसेट झाला. येथे केव्हीएम बाजूला ठेवून क्यूएमूचे टीसीजी, म्हणजे पूर्ण सॉफ्टवेअरमधील अनुकरण वापरावे. ते मंद आहे, पण इंटरप्ट आणि सीपीयू-रीसेट यांची नोंद चालू केली की प्रत्येक अपवादाबरोबर सर्व रजिस्टरांची स्थिती लॉगमध्ये लिहिली जाते. केव्हीएममध्ये गेस्टचे अपवाद थेट हार्डवेअर हाताळते, त्यामुळे अशी नोंद मिळत नाही. तो लॉग शेवटाकडून वर वाचत जावे आणि साखळीतला पहिला अपवाद शोधावा. १४ क्रमांकाचा पेज फॉल्ट असेल तर सीआर-२ या रजिस्टरमध्ये नेमका कोणता पत्ता हवा होता ते सापडते. मग तो पत्ता पेज टेबलात का नव्हता, एवढाच प्रश्न उरतो.

एखादा दोष केव्हीएमवर दिसतो आणि टीसीजीवर दिसत नाही, असेही घडते. त्याची कारणे मुख्यतः दोन असतात. सीपीयूची एखादी क्षमता होस्टकडून गेस्टला दिसते पण टीसीजीमध्ये ती नसते, हे एक. आणि वेळेचे गणित बदलते, हे दुसरे. पहिल्याचा निकाल लवकर लागतो : क्यूएमूच्या सीपीयू पर्यायातून एकेक क्षमता वजा करत जावे. दुसऱ्यासाठी टीसीजीमध्ये रेकॉर्ड आणि रीप्लेची (चालणे नोंदवून ते हुबेहूब पुन्हा घडवण्याची) सोय आहे, पण त्या पद्धतीत सर्व व्हीसीपीयू एकाच थ्रेडवर आळीपाळीने चालतात, त्यामुळे दोन सीपीयूंच्या खऱ्याखुऱ्या चढाओढीतून उद्भवणारे दोष तिथे बहुधा दिसतच नाहीत.

सीरियल कन्सोलची किंमत

वेळेवर अवलंबून असलेल्या दोषांच्या बाबतीत एका गोष्टीकडे फारच कमी लक्ष दिले जाते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. प्रिंटकेची, म्हणजे कर्नलमधून संदेश छापणारी, ओळ घातली की दोष नाहीसा होतो आणि ओळ काढली की परत येतो, हा अनुभव कर्नलवर काम करणाऱ्या पुष्कळांना आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये हा परिणाम अधिक तीव्र असतो. सीरियल पोर्टवर अक्षर पाठवणे म्हणजे एका आय-ओ पोर्टवर एक बाइट लिहिणे. त्या सूचनेवर गेस्ट थांबतो, नियंत्रण केव्हीएमकडे जाते, तिथून ते क्यूएमूच्या प्रक्रियेपर्यंत पोहोचते, क्यूएमू ते अक्षर टर्मिनलवर लिहिते आणि मग गेस्ट पुन्हा सुरू होतो. हे प्रत्येक अक्षरासाठी घडते. शंभर अक्षरांच्या ओळीमागे किमान शंभर वेळा गेस्ट पूर्णपणे थांबतो, आणि पोर्ट रिकामे आहे का हे पाहण्यासाठी होणारे वाचन त्यात अजून धरलेलेच नाही. दोन सीपीयूंमधली चढाओढ काही नॅनोसेकंदांच्या फरकाने घडत असेल, तर इतक्या मोठ्या व्यत्ययानंतर ती शिल्लक राहण्याची अपेक्षाच करता येत नाही.

अशा ठिकाणी ट्रेस-प्रिंटके वापरावे. ते संदेश कन्सोलवर न पाठवता त्या त्या सीपीयूच्या मेमरीतील वर्तुळाकार बफरमध्ये लिहिते आणि त्यासाठी गेस्टमधून बाहेर पडावे लागत नाही. ऊप्स (कर्नलमधील गंभीर चूक) झाल्यावर एफट्रेसचा, म्हणजे कर्नलच्या ट्रेसिंग यंत्रणेचा, बफर कन्सोलवर ओतण्याचा पर्याय कमांडलाइनवर देऊन ठेवला, तर अपघातानंतरही नोंदी मिळतात. होस्ट आणि गेस्ट यांच्या घटना एका काळरेषेवर पाहायच्या असतील, तर ट्रेस-सीएमडी हे साधन व्हीसॉकच्या (होस्ट आणि गेस्ट यांना जोडणाऱ्या सॉकेटच्या) मार्गाने दोन्हीकडचे ट्रेस गोळा करते आणि त्यांच्या वेळा जुळवून देते. त्यासाठी दोन्ही बाजूंना टीएससीवर (सीपीयूमधील चक्रमोजकावर) आधारलेले ट्रेस घड्याळ निवडावे. ‘गेस्टने विनंती केली’ आणि ‘होस्टने ती उचलली’ या दोन घटनांमधले अंतर प्रत्यक्ष पाहता आले की अंदाज बांधण्याची गरज उरत नाही. मला विचाराल तर या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने जीडीबीपेक्षाही आधी ट्रेस-सीएमडी शिकावे.

मशीन गोठल्यावर

गेस्ट प्रतिसाद देत नसेल तर घाईने रीसेट करू नये. गोठलेले मशीन हाच पुरावा असतो. क्यूएमूच्या मॉनिटरमधून (क्यूएमूला आज्ञा देण्याच्या कन्सोलमधून) सर्व व्हीसीपीयूंची रजिस्टर पाहावीत आणि काही सेकंदांच्या अंतराने ती पुन्हा पाहावीत. सगळे व्हीसीपीयू हॉल्ट अवस्थेत निवांत असतील, तर कोणी तरी जागे होण्याची वाट पाहत आहे आणि जागे करणारा इंटरप्ट किंवा वेकअप मधेच हरवला आहे. एखाद्याचा सूचना-पत्ता त्याच त्याच छोट्या पट्ट्यात फिरत असेल, तर तो एखाद्या लॉकवर किंवा लूपमध्ये अडकला आहे. पत्त्यावरून स्रोतातील ओळ काढण्यासाठी कर्नलच्या स्क्रिप्ट्समध्येच फॅडर-टू-लाइन आणि डीकोड-स्टॅकट्रेस ही साधने आहेत.

त्यानंतर मॉनिटरमधून गेस्टच्या संपूर्ण मेमरीचा डंप घ्यावा. लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशीनचे व्यवस्थापन करणारी यंत्रणा) वापरत असल्यास तिच्या व्हर्श या साधनातील डंप आज्ञेला फक्त मेमरीचा पर्याय द्यावा. हा डंप व्हीएमलिनक्ससह क्रॅश या साधनात उघडला की प्रत्येक कार्याचा स्टॅक, लॉकांची स्थिती, स्लॅबमधील (कर्नलच्या मेमरी वाटपातील) वस्तू असे सर्व काही सावकाश वाचता येते. केएएसएलआर चालू ठेवणे भाग असेल तर क्यूएमूला व्हीएमकोअरइन्फो हे उपकरण जोडावे. गेस्ट त्यात आपल्या मांडणीची माहिती लिहितो आणि ती डंपबरोबर येते. केडंपही (पॅनिकनंतर दुसरा कर्नल सुरू करून डंप घेणारी सोय) वापरता येतो, पण त्यासाठी गेस्टमध्ये आधीपासून मेमरी राखून ठेवावी लागते, आणि दुसरा कर्नल सुरू होण्याइतके मशीन शुद्धीवर असावे लागते. व्हर्च्युअल मशीनमध्ये बाहेरून डंप घेणे अधिक भरवशाचे असते, कारण त्यासाठी गेस्टच्या सहकार्याची गरजच नसते. केडंपलाच काम करू द्यायचे असेल, तर अज्ञात एनएमआयवर (न रोखता येणाऱ्या इंटरप्टवर) पॅनिक करण्याचे सिस्कंट्रोल सेटिंग आधी चालू ठेवून मॉनिटरमधून एनएमआय पाठवावा.

दोष गेस्टचा की होस्टचा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. गेस्टमधील प्रॉक फाइलसिस्टीमच्या स्टॅट फाइलमध्ये प्रत्येक सीपीयूच्या ओळीतील आठवा आकडा स्टील टाइमचा असतो, टॉप या साधनात तोच एसटी म्हणून दिसतो. व्हीसीपीयू चालायला तयार होता पण होस्टने त्याला सीपीयू दिला नाही, असा हा काळ असतो. सॉफ्ट लॉकअपच्या सुमारास तो उसळलेला असेल तर होस्टवर गर्दी आहे, आणि गेस्टच्या कोडमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही. याची खातरजमा होस्टवरही करावी : क्यूएमूच्या त्या व्हीसीपीयू थ्रेडच्या शेडस्टॅट फाइलमध्ये तीन आकडे असतात, त्यांपैकी पहिला प्रत्यक्ष चाललेला वेळ आणि दुसरा रांगेत थांबलेला वेळ, दोन्ही नॅनोसेकंदांत. दहा सेकंदांच्या अंतराने हा दुसरा आकडा दोनदा वाचला की चित्र स्पष्ट होते.

येथे एक बारकावा आहे आणि तो बरेचदा सुटतो. केव्हीएम गेस्टला जो स्टील टाइम कळवते, तो होस्टच्या शेड्युलरच्या याच ‘रांगेत थांबलेल्या’ वेळेवरून काढलेला असतो. व्हीसीपीयूचा थ्रेड रांगेत नसून झोपलेला असेल, म्हणजे गेस्टने स्पर्श केलेले पान (मेमरीचा ठरावीक तुकडा) होस्टने स्वॅपमध्ये टाकलेले असेल आणि ते डिस्कवरून परत येण्याची वाट पाहत थ्रेड थांबला असेल, तर तो वेळ स्टील टाइममध्ये धरला जात नाही. गेस्टमध्ये स्टील शून्य, कॉलस्टॅक निरपराध, आणि तरीही सीपीयू अडकलेला, अशी कोड्यात टाकणारी स्थिती त्यातून निर्माण होते. म्हणून स्टील शून्य दिसले तरी होस्ट निर्दोष ठरत नाही. होस्टवरील स्वॅपची हालचाल आणि व्हीसीपीयू थ्रेडची अवस्था पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. या दोन्ही गोष्टी स्वच्छ निघाल्या, म्हणजे थ्रेड सलग चालत होता आणि तरीही वॉचडॉग ओरडला, तरच दोष गेस्टच्या कोडमध्ये आहे असे समजून पुढे जावे.

एक तिसरी शक्यता या दोहोंच्या मधली आहे. व्हीसीपीयू क्रमांक १ ने स्पिनलॉक (मिळेपर्यंत सीपीयू जागीच फिरत वाट पाहतो असा लॉक) घेतला आणि त्याच क्षणी होस्टने त्याला खाली उतरवले. क्रमांक २, ३ आणि ४ त्या लॉकसाठी निष्फळ फिरत राहिले आणि होस्टचा वेळ खात राहिले. येथे लॉकअपची ओळ क्रमांक २ च्या नावावर येते, पण त्याच्या कोडमध्ये काहीच चूक नसते. पॅराव्हर्च्युअल स्पिनलॉक याच अडचणीसाठी आहेत : थोडा वेळ फिरून झाल्यावर वाट पाहणारा व्हीसीपीयू स्वतःच हॉल्ट होतो आणि लॉक सुटताच त्याला बाहेरून जागे केले जाते. गेस्ट कॉन्फिगरेशनमध्ये हा पर्याय बंद आहे का, आणि होस्टने ती क्षमता गेस्टला दाखवली आहे का, हे दोन्ही तपासावे.

केवळ व्हर्च्युअल मशीनमध्येच उद्भवणाऱ्या शुद्धतेच्या दोषाचे एक चांगले उदाहरण मेमरी बॅरियरचे, म्हणजे वाचन-लेखनाचा क्रम पक्का करणाऱ्या सूचनेचे, आहे. व्हर्टिओचा ड्रायव्हर सामायिक रिंगमध्ये नवी विनंती ठेवतो, उपलब्ध विनंत्यांचा निर्देशांक वाढवतो, आणि मग होस्टला हाक मारायची गरज आहे का हे दुसरे एक मूल्य वाचून ठरवतो. लिहिणे आणि त्यानंतरचे वाचन यांचा क्रम एक्स-८६ प्रोसेसरही उलटू शकतो, म्हणून मध्ये पूर्ण बॅरियर लागतो. आता गेस्ट कर्नल एकाच सीपीयूसाठी, एसएमपीशिवाय (अनेक सीपीयूंच्या आधाराशिवाय) बांधलेला आहे असे समजा. अशा बांधणीत एसएमपी-एमबी हा मॅक्रो प्रोसेसरसाठी काहीच करत नाही, तो फक्त कम्पाइलरला आवर घालतो. गेस्टला एकच सीपीयू असला तरी रिंगच्या पलीकडे होस्टचा दुसरा खरा सीपीयू बसलेला आहे. क्रम उलटला की गेस्ट ‘हाक नको’ हे शिळे मूल्य वाचून गप्प बसतो, होस्ट जुना निर्देशांक पाहून झोपी जातो, आणि पुढची विनंती येईपर्यंत डिस्क किंवा नेटवर्क थबकते. यासाठीच २०१६ मध्ये कर्नलमध्ये व्हर्ट-एमबी हे मॅक्रो आणि त्याची भावंडे आली. ती एसएमपी नसलेल्या बांधणीतही खरा बॅरियर देतात. होस्टशी मेमरी वाटून घेणारा कोणताही कोड लिहिताना किंवा तपासताना हेच मॅक्रो वापरलेले आहेत का, ते ओळीओळीने पाहावे.

वेग सुधारणे

वेगाच्या बाबतीत पहिले माप म्हणजे गेस्टमधून बाहेर पडण्याच्या प्रसंगांची, म्हणजे व्हीएम एक्झिटांची मोजणी. होस्टवर पर्फ केव्हीएम स्टॅट काही सेकंद चालवले की कोणत्या कारणाने किती एक्झिट झाले आणि प्रत्येकात किती वेळ गेला, याचा तक्ता मिळतो. तो पाहण्याआधी एकही पर्याय बदलू नये. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधील सुरक्षा-दोषांवरील उपायांमुळे अनेक प्रोसेसरांवर एक्झिट आणखी महाग झाला आहे, त्यामुळे जुने आकडे आज जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

तक्त्यात आय-ओ सूचना किंवा ईपीटी मिसकॉन्फिग वरच्या क्रमांकावर असेल, तर गेस्ट अनुकरण केलेल्या उपकरणांशी बोलत आहे. इंटेलवर केव्हीएम मेमरी-मॅप्ड उपकरणांचा स्पर्श याच नावाखाली पकडते. उपकरण बदलून व्हर्टिओ घ्यावे. व्हर्टिओ आधीच असेल तर ड्रायव्हर प्रत्येक विनंतीमागे हाक मारतो का ते पाहावे. अनेक विनंत्या रिंगमध्ये ठेवून शेवटी एकदाच हाक मारणे हा बदल काही ओळींचा असतो, आणि या संपूर्ण विषयात इतक्या कमी कष्टांत इतका लाभ देणारे बदल थोडे आहेत.

एमएसआर लेखन (सीपीयूच्या विशेष रजिस्टरांत लिहिणे) वर असेल तर त्यात टायमरचा वाटा मोठा असतो. सेकंदाला १००० टिकांचा (टायमरच्या ठोक्यांचा) कर्नल बांधला असेल तर व्यग्र व्हीसीपीयूवर प्रत्येक टिकसाठी टायमर नव्याने लावताना साधारणपणे एक एक्झिट होतो. २५० टिकांवर हा भार चौथाईवर येतो. घड्याळाचा स्रोतही तपासावा. सिसएफएसमधील करंट-क्लॉकसोर्स या फाइलमध्ये केव्हीएम-क्लॉक किंवा टीएससी दिसायला हवे. तिथे एचपीईटी किंवा एसीपीआय-पीएम दिसत असेल, तर वेळ विचारणारी प्रत्येक कृती एक्झिट घडवते आणि एखादा डेटाबेस सेकंदाला लाखो वेळा वेळ विचारू शकतो.

हॉल्टचे एक्झिट पुष्कळ असणे हा स्वतःहून दोष नव्हे, कारण रिकामा सीपीयू हॉल्ट होणारच. प्रतिसादाचा विलंब खटकत असेल तरच यात हात घालावा. होस्टवरील केव्हीएम व्हीसीपीयूला झोपवण्याआधी थोडा वेळ वाट पाहते. एक्स-८६ वर ही मूळ मर्यादा २ लाख नॅनोसेकंदांची आहे. गेस्टमध्येच वाट पाहणारा हॉल्टपोल ड्रायव्हर ५.४ या आवृत्तीपासून आहे. दोन्ही उपाय होस्टचा सीपीयू खर्च करून विलंब कमी करतात, म्हणून सामायिक होस्टवर तो सीपीयू इतर गेस्टांच्या वाट्याचा असतो हे विसरू नये. रिकामा सीपीयू हॉल्ट न करता सतत फिरवत ठेवणारा आयडल-पोल हा पर्याय तर सामायिक होस्टवर वापरूच नये.

मेमरीच्या बाबतीत एकच आकडा ध्यानात ठेवावा. चार पातळ्यांची पेज टेबले गेस्टमध्येही आणि होस्टमध्येही असतील, तर टीएलबीमध्ये (पत्त्यांच्या भाषांतराच्या कॅशमध्ये) पत्ता न सापडल्यास एका भाषांतरासाठी २४ मेमरी वाचने लागू शकतात. प्रत्यक्ष हार्डवेअरवर हीच संख्या ४ असते. होस्टवर २ एमबीची पाने वापरली की या साखळीतील बरेच टप्पे गळून पडतात. गेस्टमध्ये मोठी पाने आणि होस्टवर ४ केबीची, अशी अर्धवट व्यवस्था केली तर लाभही अर्धवटच मिळतो.

मोजमाप, बायसेक्ट आणि पॅच

व्हर्च्युअल मशीनमधील वेगाचे आकडे होस्टच्या इतर कामांमुळे सहज हलतात. म्हणून मोजमापाआधी व्हीसीपीयूंचे थ्रेड ठरावीक सीपीयूंवर बांधून ठेवावेत, होस्टच्या सीपीयूंची वारंवारता स्थिर करावी, आणि जुना व नवा कर्नल आलटून पालटून चालवावेत. आधी सगळे जुन्याचे आणि मग सगळे नव्याचे प्रयोग केले, तर मधल्या काळात होस्टवर झालेला बदल आपल्या पॅचच्या खात्यात जमा होतो.

पूर्वी नीट चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली असेल, तर गिट बायसेक्टला पर्याय नाही. एका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक कमिट (नोंदवलेले बदल) असतात, तरीही दर पायरीला निम्मे वगळत गेल्याने १४ पायऱ्यांच्या आसपास निर्णय लागतो. कर्नल बांधणे, क्यूएमूत सुरू करणे, चाचणी चालवणे आणि ठरावीक वेळेत उत्तर न आल्यास अपयश मानणे, एवढी एक छोटी स्क्रिप्ट लिहून बायसेक्टच्या रन आज्ञेला द्यावी. जो कमिट बांधलाच जात नाही त्यासाठी स्क्रिप्टने १२५ हा संकेत परत करावा, म्हणजे गिट तो वगळून पुढे जातो. दोष कधी दिसतो आणि कधी दिसत नाही असा असेल, तर प्रत्येक पायरीवर चाचणी पुरेशा वेळा चालवावी, कारण एका चुकीच्या ‘चांगला’ उत्तराने पुढचा सगळा शोध भलत्याच दिशेला जातो. आणि हा शोध गेस्टपुरता मर्यादित ठेवू नये. बिघाड होस्टचा कर्नल बदलल्यावर सुरू झाला असेल, तर बायसेक्टही होस्टच्याच कर्नलवर करावा लागतो. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन चालू करून तो होस्ट स्वतःच एका व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवला, तर प्रत्यक्ष यंत्र वारंवार रीबूट करावे लागत नाही. मात्र शेवटची खात्री खऱ्या हार्डवेअरवरच करावी, कारण नेस्टेड रचनेचे स्वतःचे वेगळे दोष असतात.

पॅच तयार झाल्यावर तो चार परिस्थितींत चालवून पाहावा : एकच व्हीसीपीयू असताना, होस्टच्या सीपीयूंपेक्षा जास्त व्हीसीपीयू दिलेले असताना, लाइव्ह मायग्रेशन (चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणे) होत असताना, आणि कोणत्याही हायपरव्हायझरशिवाय थेट हार्डवेअरवर. शेवटची परिस्थिती बरेच जण वगळतात, पण पॅराव्हर्च्युअल मार्गासाठी जोडलेली एक जादा तपासणी थेट हार्डवेअरवरच्या प्रत्येक यंत्रालाही भोगावी लागत असेल, तर पॅच स्वीकारला जात नाही, आणि तसे होणे रास्तच आहे. अशी तपासणी स्टॅटिक कीच्या (कर्नलच्या कोडमध्येच चालू-बंद करता येणाऱ्या शाखेच्या) मागे ठेवावी, म्हणजे बूटच्या वेळी ती कोडमधून प्रत्यक्ष पुसली जाते. पॅचच्या वर्णनात होस्ट आणि गेस्ट या दोन्ही कर्नलांच्या आवृत्त्या, क्यूएमूची कमांडलाइन, घड्याळाचा स्रोत आणि बदलाच्या आधीचा व नंतरचा एक्झिटांचा तक्ता द्यावा. दोष आणणारा कमिट सापडला असेल तर त्याच्या ओळखचिन्हाची पहिली १२ अक्षरे आणि शीर्षक ‘फिक्सेस’ या ओळीत लिहावे, कारण स्थिर आवृत्त्यांचे देखभालकर्ते हा बदल कुठपर्यंत मागे न्यायचा हे त्या ओळीवरूनच ठरवतात.